मत्स्यबीजाची मरतूक : दोष कोणाचा?

महसूल खात्याच्या कारकुनीत आमच्या हाताखालून पंचनामे पुष्कळ गेले. नुकसानीचे कारण उमगले नाही, की 'दैवी आपत्ती' असे लिहून आम्ही मोकळे होत असू. सेवानिवृत्तीनंतर तीच सवय आमच्या अंगाशी आली.

जांभूळ येथील आमच्या शेतात तळे खणून त्यात रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडावयाचे ठरविले. बीज भर दुपारी आले. पिशव्यांत दाटी फार होती. आम्ही त्या तत्काळ तळ्यात रिकाम्या केल्या. बोटुकली पोहत गेली, म्हणून समाधान मानले. चौथ्या दिवशी सकाळी काठाला पांढरी पोटे तरंगताना दिसली. कोणी म्हणाले, पाणी बाधले. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. वस्तुतः अपराध आमचाच होता.

मासा जाळ्यात सापडला, दाटीत कोंडला, किंवा थंड पाण्यातून एकाएकी उन्हाने तापलेल्या पाण्यात पडला, की त्याच्या रक्तात प्रथम ॲड्रिनॅलिन व मागोमाग कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात. रक्तातील साखर चढते, कल्ल्यांतून रक्त जोराने वाहू लागते. त्यामुळे प्राणवायू अधिक मिळतो खरा. परंतु त्याच वाटेने गोड्या पाण्यातील माशाच्या अंगातील क्षार बाहेर जातात व पाणी आत शिरते. हा ताण लांबला, की भूक मंदावते, वाढ खुंटते आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. म्हणूनच मासा पहिल्या दिवशी पोहतो आणि चौथ्या दिवशी मरतो.

हे केवळ तर्क नव्हेत. मुंबईस वर्सोवा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी मृगळाच्या बोटुकल्यांवर दाटीच्या ताणाचे प्रयोग केले. खाद्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळल्यास तो ताण सौम्य होतो व वाढ सुधारते, असे त्यांनी २००९ साली प्रसिद्ध केले.

कोणी म्हणेल, मुक्या माशाचे इतके लाड कशाला? आम्ही विचारतो, बाजारातून आणलेला बैल आपण त्याच दिवशी नांगराला जुंपतो काय? आवणीच्या वेळी उपटलेली रोपे उन्हात सुकू देतो काय? मग माशासच हा न्याय का नसावा?

उपाय खर्चाचे नाहीत. वाहतुकीपूर्वी एक दिवस बिजास खाद्य देऊ नये. पिशवीत दाटी नसावी; पाण्यात दर लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ घालावे. बीज सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी सोडावे. पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, मग तळ्याचे पाणी तिच्यात थोडे थोडे घालून मासे आपण होऊन बाहेर जाऊ द्यावेत.

आमची सूचना अशी की, सभासदांनी बीज एकत्र मागवावे आणि संघाने त्याची एक वही ठेवावी. पिशव्या कोणत्या वेळी भरल्या, किती वेळ वाटेत होत्या, कधी सोडल्या व किती मासे मेले, एवढे चार रकाने पुरेत. असे झाल्यास विकणाऱ्याची कसूर व घेणाऱ्याची घाई दोन्ही उघडी पडतील. कारण न शोधता दैवास बोल लावण्याचे पाप आम्ही एकदा केले. आमच्या बंधूंनी ते करू नये.