प्लेट जाड, पण बोल्टचे काय?



पत्र्याच्या शेडच्या खांबाला जाड प्लेट घातली की काळजी मिटली, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. प्लेट खांबाचे ओझे पायावर पसरवते; पण वळवाच्या वादळात शेड दबत नाही, उचलले जाते. ताशी १०८ किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५५ किलो भरतो. पत्रे आणि कैच्यांचे वजन बहुधा त्याच्या निम्मेही नसते. हा जोर पेलतो तो काँक्रीटमध्ये खोल रुतलेला, खालून वाकवलेला बोल्ट, आणि त्याला धरून ठेवणारे पायाचे वजन. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी कोसळलेल्या जाहिरात फलकाखाली १७ जण गेले. तिथेही पायाच अपुरा होता.

आमच्या भागात बोल्ट जुळेना की गॅसने भोक मोठे करतात आणि साधा वायसर टाकून नट आवळतात. हे थांबले पाहिजे. काँक्रीट ओतण्याआधीच प्लायवूडच्या साच्यात चारही बोल्ट पक्के करावेत, प्लेटखालची फट ग्राउटने भरावी. बोल्टची जाडी-खोली मात्र फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या.

— एक वाचक, युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड)