चेन सॉ घेताना ‘सीसी’ कमी, सुट्या भागांचे दुकान जास्त पाहा

सरपणासाठी लाकूड कापायचे यंत्र घ्यायचे तर कोणते? खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी कोणत्या? सविस्तर वाचा

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावात जळतण येते ते प्रामुख्याने तीन ठिकाणांहून. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या, बांधावरची बाभूळ आणि काढून टाकलेली मोसंबीची बाग. पऱ्हाट्यांना कोयता पुरतो, बाभळीला कुऱ्हाड आणि दोन दणकट हात. खरी अडचण बाग काढल्यावर येते.

जालना जिल्ह्याने ती पुरेपूर अनुभवली आहे. २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. टँकरचे पाणी विकत घालूनही झाडे वाचली नाहीत आणि वर्षानुवर्षे जोपासलेली खोडे शेवटी चुलीत गेली. पुढे जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण बागा काढणे थांबलेले नाही. कधी पाणी नसते, कधी भाव नसतो, कधी झाडेच म्हातारी होतात. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या एकरभर बागेत सुमारे ११० झाडे असतात. जेसीबी ती बघता बघता उपटून बांधाला लावतो. मग हे लाकूड कापणार कोण? कुऱ्हाड चालवणारा मजूर मिळत नाही, मिळालाच तर मजुरी परवडत नाही. बाग काढण्याच्या खर्चात लाकूड देऊन टाकायचे, असाच सौदा मग अनेकदा होतो.

म्हणून गावागावांत चेन सॉची चौकशी वाढली आहे. मोबाइलवर शोधले की ५२ सीसी, ५८ सीसी, ६२ सीसी असे आकडे आणि २२ इंची पट्टीचे फोटो समोर येतात. किंमत पाच ते दहा हजारांच्या घरात. नामांकित कंपनीचे जेमतेम ३० सीसीचे यंत्र मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला. साहजिकच हात मोठ्या आकड्याकडे जातो. गफलत होते ती इथेच.

सीसी म्हणजे ताकद नव्हे

सीसी हे इंजिनाच्या पोकळीचे माप आहे. त्यातून ताकद किती निघते हे किलोवॉटमध्ये मोजतात. चांगल्या बनावटीचे ३० सीसीचे इंजिन सव्वा किलोवॉटच्या आसपास ताकद देते आणि यंत्राचे वजन चार किलोच्या आत-बाहेर राहते. ४५ सीसीचे चांगले इंजिन दोन किलोवॉटच्या पुढे जाते. स्वस्त यंत्रावर सीसी ठळक छापलेले असते, किलोवॉट शोधावे लागते आणि कधी कधी ते सापडतच नाही. दुकानदाराला पहिला प्रश्न किलोवॉटचाच विचारावा.

पट्टीच्या लांबीचेही तसेच. मोसंबीचे खोड सहसा वीतभर जाडीचे, जुनी बाग असेल तर थोडे अधिक. त्याला १४ किंवा १६ इंची पट्टी भरपूर झाली. क्वचित जाड बुंधा आला तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. २२ इंची पट्टी फोटोत रुबाबदार दिसते, पण ती ओढायला इंजिनाची जास्त ताकद जाते, चेन महाग पडते, कानस मारायला दात जास्त असतात आणि दुपारपर्यंत मनगट भरून येते. बाभळीचे वाळके, टणक ओंडके रोज फोडणाऱ्याने ४५ ते ५० सीसी आणि १८ इंच घ्यावे. घरच्या चुलीपुरते आणि एखाद्या बागेपुरते काम असेल, तर त्याखालचे यंत्र पुरते.

विश्वासाचे यंत्र कोणते?

जे बंद पडल्यावर दोन दिवसांत पुन्हा सुरू होते ते. बंद सगळीच पडतात. चेन सॉची सुरू करायची दोरी तुटते, प्लग काळा पडतो, हवेची जाळी भुशाने भरते, कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक होतो, चेन फिरवणारी गरारी झिजते. यातला एकही बिघाड मोठा नाही. मात्र त्या मॉडेलचा पडदा किंवा गरारी भोकरदनला किंवा जालन्याला मिळत नसेल, तर ऐन हंगामात यंत्र गोठ्यात पडून राहते.

ऑनलाइन आलेल्या अनेक यंत्रांवर कंपनीचे नाव एक असते आणि आतला माल भलत्याच कारखान्याचा. त्यांचे काही भाग एकमेकांना बसतात, काही बसत नाहीत. कोणते बसतात हे मिस्त्रीलाही खोलल्याशिवाय सांगता येत नाही. जर्मनीची स्टिल, स्वीडनची हुस्क्वार्ना किंवा शेती अवजारांत स्थिरावलेल्या इतर कंपन्या महाग वाटतात. पण त्यांच्या किमतीत सुट्या भागांचा क्रमांक, वितरक आणि दुरुस्तीची सोयही धरलेली असते. तरीही नावावर जाऊ नये. यंत्र घेण्याआधी जवळच्या दुकानात फोन करावा आणि नेमके विचारावे: या मॉडेलची चेन, पट्टी, गरारी आणि कार्बोरेटरचा संच आज दुकानात आहे का? ‘मागवून देऊ’ असे उत्तर आले तर दुसरे मॉडेल पाहावे. मोटारसायकलने जाऊन तासा-दोन तासांत भाग आणता आला पाहिजे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सात हजारांचे यंत्र दोन वर्षे चालले तरी पैसे फिटले, असे अनेक जण म्हणतात. काम थोडे असेल आणि गावात ते खोलणारा मिस्त्री असेल तर हा हिशेब चुकीचा नाही. मात्र त्यात ब्रेकचा भरवसाही धरावा लागतो. त्याबद्दल पुढे.

चेन बोथट, दोष इंजिनाला

‘मशीन ओढत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इंजिनाची नसतेच. चेन बोथट झालेली असते. धारदार चेन लाकडाचा जाडसर कीस बाहेर फेकते आणि स्वतःच्या वजनाने आत उतरते. बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते, धूर काढते आणि चालवणाऱ्याला जोर लावायला भाग पाडते. आजच्या चेनच्या दातांची कल्पना अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये सुचली. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी डावीकडून-उजवीकडून कुरतडत पुढे जाते, हे पाहून त्याने दात तसेच आलटून-पालटून बसवले. त्या अळीसारखा दात कुरतडत राहायचा असेल, तर त्याला कानस लागणारच.

कानस गोल असते आणि तिची जाडी चेनप्रमाणे बदलते. लहान यंत्रांवरच्या थ्री-एट्थ लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी, तर पॉइंट थ्री-टू-फाइव्ह चेनला ४.८ मिमी. प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात, साधारण ३० अंशांच्या कोनात, आतून बाहेर. पेट्रोलची टाकी दोनदा भरली की एकदा धार पाहावी. यंत्रासोबत योग्य मापाची कानस न देणाऱ्या दुकानदाराकडून ती तिथेच मागून घ्यावी.

मोसंबीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे काळी माती. जेसीबीने मुळासकट उपटलेल्या झाडाच्या बुडख्याला चिकट माती आणि बारीक खडे धरून असतात. एकदा चेन त्यात गेली की मिनिटाभरात धार जाते. म्हणून खोड जमिनीच्या वर वीतभर कापावे आणि बुडखा कुऱ्हाडीसाठी सोडावा. बांधावरच्या जुन्या झाडांत काटेरी तार किंवा पाट्यांचे खिळे साल वाढून आत गेलेले असतात. बाहेरून ते दिसत नाहीत. खोडावर गाठ किंवा काळा डाग दिसला तर तो भाग टाळावा.

पेट्रोल पंपावरचे, पण जपून

बहुतेक चेन सॉ टू-स्ट्रोक असतात. त्यांच्या इंजिनात वेगळे ऑइल नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. कंपनीने ५० ला १ सांगितले असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ सांगितले असेल तर ४० मिली. अंदाजाने झाकणभर ओतणे हा इंजिन चिकटवण्याचा हमखास मार्ग. नुसते पेट्रोल घालणाऱ्याचे इंजिन तर त्याच दिवशी जाऊ शकते.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. अनेक चेन सॉच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल नको, असे लिहिलेले असते. कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि रबरी नळ्या व कार्बोरेटरचे पडदे लवकर खराब करते. शेतकऱ्याला दुसरे साधे पेट्रोल मिळणे कठीण आहे, तेव्हा उपाय एकच: मिश्रण थोडेच करावे, काम संपले की टाकी रिकामी करावी आणि आत उरलेले संपेपर्यंत इंजिन चालवून बंद होऊ द्यावे. पावसाळाभर टाकीत पेट्रोल राहिलेले यंत्र दिवाळीनंतर सुरू झाले नाही, तर दोष कंपनीचा नाही.

चेनच्या तेलाची टाकी वेगळी असते. तिच्यात ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑइल घालायची सवय सर्रास आहे. त्यातला धातूचा कीस तेलाचा बारीक पंप बुजवतो, पट्टी घासतो आणि हाताच्या त्वचेलाही ते तेल चांगले नाही. चेनचे तेल मिळाले नाही तर नवे, न वापरलेले इंजिन ऑइल चालवून घ्यावे.

विजेचे यंत्र का नको?

लाकूड ट्रॉलीने घरी आणून अंगणात कापायचे असेल, तर विजेचे यंत्र खरोखर चांगले. पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही, दोरी नाही. २००० वॉटचे यंत्र सुमारे ९ अँपिअर ओढते, म्हणून बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावला तर वायर तापते आणि मोटारही. जाड केबल आणि अर्थिंग हवेच. ओल्या अंगणात ते वापरू नये. शेतात मात्र ते गैरसोयीचे ठरते. सध्या गाजणारी ४ ते ६ इंची बॅटरीची छोटी यंत्रे छाटणीसाठी आहेत, ओंडक्यांसाठी नाहीत.

ब्रेक दुकानातच तपासा

चेन सॉचा सर्वात वाईट अपघात उसळीचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला किंवा दुसऱ्या ओंडक्याला लागला की सगळे यंत्र क्षणार्धात चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे किंवा मानेकडे उलटते. सावरायला वेळ मिळत नाही. मोसंबी बुंध्यापासूनच फुटते, फांद्या एकमेकींत अडकलेल्या असतात, त्यामुळे टोक कशाला तरी लागण्याची शक्यता इथे जास्त. बारीक फांद्या आधी कोयत्याने मोकळ्या कराव्यात आणि मग यंत्र लावावे.

पुढच्या मुठीसमोरचा आडवा पत्रा हा चेन ब्रेक असतो. इंजिन बंद ठेवून तो पुढे ढकलावा आणि हातमोजा घालून चेन ओढून पाहावी. ती तसूभरही हलता कामा नये. मग यंत्र सुरू करायला सांगावे. नुसत्या मंद गतीवर चेन फिरत असेल तर ते घेऊ नये. ही तपासणी घरपोच आलेल्या खोक्यावर आधी करता येत नाही, दुकानात करता येते. स्वस्त यंत्राच्या हिशेबात धरायची गोष्ट ती हीच.

बूट, चष्मा, कानाला संरक्षण आणि अंगाबरोबरचे कपडे यांवर हजार-दोन हजार खर्च करायला लोक कचरतात. गळ्यातले उपरणे आणि पायातली चप्पल घालून यंत्र चालवणारे सगळीकडे दिसतात. पेट्रोलच्या चेन सॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि ८५च्या पुढे सतत राहिले की कानाला इजा होऊ लागते. यंत्र मालकाचे असते, पण ते बहुतेक वेळा मजुराच्या हातात असते. कापताना बोट गेले तर त्याची वर्षाची मजुरी जाते. बूट-चष्मा ही यंत्राच्याच किमतीत धरायची वस्तू आहे आणि ती मालकाने द्यायची आहे.

प्रत्येक घराला हवेच का?

बहुतेक घरांना नको. वर्षातून चार दिवस लागणारे यंत्र बाकीचे दिवस पडून खराबच होते. गावात यंत्रासह येणाऱ्याचा दिवसाचा दर विचारावा, तो चाराने गुणावा आणि यंत्राची किंमत त्याच्याशी ताडून पाहावी. पाच वर्षांतही फिटत नसेल तर विकत घेऊ नये. चार-पाच शेतकऱ्यांनी किंवा बचत गटाने मिळून एक चांगले यंत्र घ्यावे, ते एकाच जाणत्या माणसाच्या हाती द्यावे आणि भाडे ठरवावे. सगळ्यांच्या हातून फिरणारे यंत्र कोणाचेच नसते, म्हणून माणूस एकच हवा. ग्रामपंचायतीनेही याचा विचार करायला हरकत नाही. ऐन पावसात अंत्यविधीसाठी कोरडे, कापलेले लाकूड शोधत फिरण्याची वेळ गावात येते. उन्हाळ्यात कापून शेडमध्ये रचून ठेवलेल्या लाकडाची किंमत त्या दिवशी कळते.

यंत्र हाती आले म्हणून बांधावरचे कुठलेही झाड तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४च्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, फणस अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी घ्यावी लागते. मोसंबी त्या यादीत नाही. रस्त्याकडेची झाडे तर शेतकऱ्याची नसतातच. कापलेले लाकूड ट्रॉलीने गावाबाहेर न्यायचे असेल तर वाहतुकीचा पास लागतो का, हे वन विभागाच्या कार्यालयात ट्रॉली भरण्याआधी विचारून घ्यावे.