हेच का ते?

ऑफिसात नवीन जॉइन झालेला एक पोरगा असतो बघा. तो यायच्या आधी त्याची कीर्तीच येऊन पोचते. ‘अरे, टॉपर आहे म्हणे... बॉसने स्वतः उचललाय!’ मग पहिल्या मीटिंगला सगळं डिपार्टमेंट हाताची घडी घालून बसतं. चेहऱ्यावर एकच भाव, दाखव बाबा काय ते! आणि तो बिचारा अजून पासवर्ड सेट करतोय.

जबरदस्त गाजावाजा झालेल्या एखाद्या नव्याकोऱ्या रॉक बँडला लाइव्ह बघायला जाणं म्हणजे सेम टू सेम हेच. बँड स्टेजवर येण्याआधीच आपण निकाल लावून बसलेलो असतो. एक तर ‘ऑस्सम!’ नाहीतर ‘ओव्हररेटेड यार!’ मधलं काही नाहीच.

न्यूयॉर्कच्या ‘द स्ट्रोक्स’चंच घ्या. १९९८ मध्ये जमलेली ही पाच पोरं २००० च्या अखेरीस मर्क्युरी लाउंज नावाच्या एका छोट्याशा क्लबात वाजवत होती. तिथलं बुकिंग बघणारा रायन जेंटल्स त्यांच्यावर इतका फिदा झाला, की नोकरी सोडून त्यांचा मॅनेजरच होऊन बसला! (राजीनामा ड्राफ्टमध्ये सेव्ह करून ठेवलेल्यांनी इथे एक उसासा सोडायला हरकत नाही.) जानेवारी २००१ मध्ये लंडनच्या रफ ट्रेडने त्यांची तीन गाण्यांची ईपी काढली आणि ब्रिटिश म्युझिक प्रेस अक्षरशः पागल झाला. रॉकला वाचवायला आता हेच येणार म्हणे! हातात होती फक्त तीन गाणी.

मग उलटी बाजू सुरू झाली. गायक ज्युलियन कॅसाब्लांकासचे वडील एलिट या बड्या मॉडेलिंग एजन्सीचे संस्थापक. गिटारिस्ट अल्बर्ट हॅमंड ज्युनियरचे वडील नावाजलेले गीतकार. झालं! ‘बाबांच्या पैशावर मिजास’ हा शिक्का तयारच होता.

पण स्टेजवर बाबा येत नाहीत, बॉस. तिथे दोन गिटारी एकमेकींत गुंतत जातात की नाही, ड्रमर घड्याळासारखा वाजवतो की नाही, एवढंच चालतं. स्ट्रोक्सची ती गुंफण पक्की होती. २००१ मध्ये आलेला त्यांचा पहिला आल्बम ११ गाण्यांचा, जेमतेम ३६ मिनिटांचा. चर्चगेटहून फास्ट लोकल पकडा, अंधेरी येता येता संपतो. आणि नाव काय? ‘इज धिस इट’. म्हणजे, ‘हेच का ते?’ समोर हाताची घडी घालून उभा असलेला माणूस मनात जे म्हणणार, ते पोरांनीच आधी म्हणून टाकलं. याला म्हणतात अ‍ॅटिट्यूड!

आपल्याला ते प्रत्यक्ष कधी दिसले? जानेवारी २०२३ मध्ये, महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापलूझा पहिल्यांदा भारतात आलं तेव्हा. हाइपनंतर तब्बल २१-२२ वर्षांनी! तोवर त्यांना ग्रॅमी मिळून गेलेलं, टीका करणारे दमून गेलेले. ‘हेच का ते?’ हा प्रश्नच उरला नव्हता. गाणी तेवढी उरली होती. त्यात मजा आहेच, प्रश्नच नाही. पण ती कशी? फ्रीजमधून काढून गरम केलेल्या बिर्याणीसारखी. मुरलेली आणि चविष्ट, फक्त झाकण पहिल्यांदा उघडताना आपण तिथे नव्हतो.

आता दुसरी गोष्ट. इंग्लंडमधल्या शेफील्डजवळच्या हाय ग्रीनमधली चार पोरं. ‘आर्क्टिक मंकीज’. पहिली गिग जून २००३ मध्ये, द ग्रेप्स नावाच्या एका पबात. गिगला येईल त्याला डेमो सीडी फुकट वाटायची, हीच काय ती पब्लिसिटी. ऐकणाऱ्यांनी त्या कॉम्प्युटरवर चढवल्या, मित्रांना पाठवल्या. ऑगस्ट २००५ मध्ये रीडिंग फेस्टिव्हलला त्यांना नवोदितांसाठी असलेलं छोटं स्टेज मिळालं, तर तिथे ही झुंबड! पहिला आल्बम यायला पाच महिने बाकी, आणि पब्लिकला गाणी तोंडपाठ.

ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांचं सिंगल थेट एक नंबरवर गेलं. जानेवारी २००६ मध्ये आल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये ३ लाख ६३ हजारांहून जास्त कॉपीज खपल्या. कुठल्याही बँडच्या पदार्पणाचा तोवरचा रेकॉर्ड! ही हाइप पेपरवाल्यांनी फुगवलेली नव्हती. ती खालून, गर्दीतून वर आली होती. पेपरवाले मागून धावत आले.

पण थांबा, पिक्चर इथे संपत नाही. आल्बम येऊन सहा महिने व्हायच्या आत बेसिस्ट अँडी निकल्सन बँडबाहेर होता. सततच्या दौऱ्यांनी थकून तो आधी अमेरिकेच्या टूरला गेला नाही, आणि मग परतलाच नाही. विशीतला मुलगा हो! शाळेपासूनच्या दोस्तांसोबत मजेत सुरू केलेली गोष्ट बघता बघता इतकी मोठी झाली, की त्याला पेलवेना. बर्नआउट हा शब्द आपण अप्रेझलच्या सीझनमध्ये सहज वापरतो. इथे तर रोज रात्री नवं गाव आणि रोज हजारो लोक तोच प्रश्न घेऊन उभे. हेच का ते?

म्हणून म्हणते, हाइप झालेल्या पोरांना बघायला जरूर जा, पण परीक्षक होऊन जाऊ नका. आपल्याकडे नाटकवेडे लोक काय करतात? शुभारंभाचा प्रयोग बघतात आणि पंचविसाव्यालाही पुन्हा जातात. कारण नाटक मधल्या काळात बसत जातं, हे त्यांना ठाऊक असतं. बँडचंही तेच. हिट गाणं कुणालाही उचलून नेतं. लक्ष द्या ते कुणालाच माहीत नसलेल्या नव्या गाण्याकडे. तार तुटली, माइक बंद पडला, की पोरं एकमेकांकडे कशी बघतात ते बघा. हसतात की चिडतात? बँड टिकणार की नाही, ते तिथे कळतं. आणि मोबाइल खिशात ठेवा राव, निदान दोन गाण्यांपुरता तरी!

अजून एक. ग्रेप्स पबात जागा मिळाली नसती, तर हाय ग्रीनची पोरं गॅरेजमध्येच राहिली असती. आपल्या मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकने रंगभवनच्या खुल्या मंचावर किती बँड उभे केले! पण तो परिसर पडला सायलेन्स झोनमध्ये, तिथले कॉन्सर्ट थांबले. लोअर परळच्या गिरणीत २००७ मध्ये सुरू झालेला ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झाला. मोठ्या फेस्टिव्हलचं तिकीट आपण हप्त्यांवरही काढतो, आणि छोट्या क्लबच्या एंट्रीसाठी गेस्टलिस्टमध्ये ओळख शोधतो. असं कसं चालेल?

तेव्हा येत्या शुक्रवारी ऑफिसातून निघालात, की जवळपास कुठे तीस-चाळीस लोकांपुढे कुणी अनोळखी पोरं वाजवतायत का बघा. तिकीट काढून आत जा. शेवटच्या बँडसाठी ताटकळण्यापेक्षा पहिल्या बँडसाठी वेळेवर पोचा. बरं वाजवलं तर ‘वन्स मोअर’ ओरडा, ती तर आपली जुनीच सवय! नाही आवडलं, तर टाळ्या वाजवून घरी या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन बघा.

काय सांगावं, झाकण उघडताना या वेळी तुम्ही तिथे असाल!