पाटी बदलली, फळ्याचे काय?

शाळेची ओळख कशात असते? दारावरच्या पाटीत, भिंतीच्या रंगात, मुलांच्या गणवेशात, की आतल्या फळ्यावर रोज जे लिहिले जाते त्यात? प्रश्न वरकरणी तात्त्विक वाटेल. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत सार्वजनिक पैशातून शाळांच्या बाह्य रूपावर जो खर्च होत आला आणि त्यावरून ठिकठिकाणी जे वाद माजले, ते पाहता तो आता रोकड्या व्यवहाराचा प्रश्न झाला आहे. निपाणीपासून टिळकवाडीपर्यंत पसरलेल्या सीमाभागातील मराठी पालकाला तर त्याकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे बदलली. बेळगावचे 'बेळगावी' झाले, आणि सरकारी शाळांच्या पाट्या, शिक्के, दाखले, हजेरीपत्रके असा सारा संसार नव्याने मांडावा लागला. २०२२ च्या बालदिनाच्या सुमारास राज्य सरकारने 'विवेक' योजनेखाली ७,६०१ वर्गखोल्या बांधण्याचे जाहीर केले. त्या खोल्यांना भगवा रंग देण्याची कल्पना निघताच असा गदारोळ उठला की खोल्या बाजूला राहिल्या आणि रंगच तेवढा चर्चेला उरला. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने १४,५०० शाळांसाठी पाच वर्षांची 'पीएम श्री' योजना मंजूर केली. तिचा एकूण खर्च २७,३६० कोटी रुपये, म्हणजे सरासरीने एका शाळेमागे सुमारे १ कोटी ८९ लाख. या शाळांच्या नावामागे 'पीएम श्री' ही अक्षरे लागतात. ती लावण्यावरून आणि योजनेच्या करारावरून काही राज्यांचे केंद्राशी बिनसले. तामिळनाडूचा तर समग्र शिक्षेचा निधीही २०२४-२५ साली अडकून पडला. राज्याच्या 'कर्नाटक पब्लिक स्कूल'चा विस्तार याखेरीज चालू आहेच. नावे अनेक, योजना अनेक. मूल मात्र तेच आहे.

हे सारे कर्नाटकातच घडते असे समजून कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०२१ च्या सुमारास आपल्या शाळांना 'मुंबई पब्लिक स्कूल' असे सरसकट नाव आणि नवे बोधचिन्ह दिले. मराठी माणसाच्या राजधानीतल्या पालिकेला आपल्या शाळेसाठी मराठी नाव सुचू नये, याला काय म्हणावे? महाराष्ट्र सरकारने 'एक राज्य, एक गणवेश' ही घोषणा केली. २०२४-२५ साली कापडाची खरेदी एकाच ठिकाणाहून करून शिलाईचे काम बचत गटांकडे दिले. शाळा उघडून महिने लोटले तरी अनेक गावांत पोरांच्या अंगावर गणवेश चढला नाही. चढला तो कुठे आखूड, कुठे ढगळ. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याची पाळी आली. जे काम गावचा शिंपी मापे घेऊन पंधरा दिवसांत करीत असे, त्यासाठी सबंध राज्याला हे वळण घ्यावे लागले.

तथापि नाव, रंग, गणवेश या क्षुल्लक गोष्टी आहेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पाटीचे मोल काय असते हे सीमाभागाला इतरांनी शिकवायला नको. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरील 'महाराष्ट्र राज्य' हा फलक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवला गेला आणि पाठोपाठ त्या गावाने लाठ्या खाल्ल्या. ज्यांनी चार अक्षरांसाठी मार सोसला, त्यांना 'नावात काय आहे' असे विचारणे हा उद्धटपणा होय. स्वच्छ रंगवलेली भिंत आणि धडका गणवेश यांनी गरिबाच्या मुलाला हुरूप येतो, हेही खरेच. शिवाय भिंत बांधली की तिला कोणता तरी रंग द्यावाच लागतो; तेवढ्यासाठी सरकारला फासावर चढवण्याचे कारण नाही.

आमचे म्हणणे इतकेच आहे की, ओळख बदलण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. हा बदल मागितला कोणी? पैसा कोणत्या खात्यातून जाणार? आणि पाटी टांगून पाहुणे परतल्यावर शाळेत मागे काय उरणार? या तीन प्रश्नांची उत्तरे देण्याची यंत्रणा कायद्याने केव्हाच निर्माण केली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेला समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि शाळेचा विकास आराखडा त्या समितीने करायचा आहे. परंतु प्रत्यक्षात रंग, नाव नि बोधचिन्ह बंगळूर, मुंबई किंवा दिल्ली येथे ठरते, आणि समितीच्या वाट्याला उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या मांडण्याचे काम येते.

याच कायद्याची दुसरी एक तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी फार मोलाची आहे. या इयत्तांत दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. त्यांत विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक आणि भाषेला एक असा किमान विषयवार शिक्षक हवा. शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावी, असेही कायदा म्हणतो. मुलाची खरी घडण याच तीन वर्षांत होते. बीजगणिताशी त्याची पहिली गाठ येथेच पडते, आणि शाळा सोडून कामाला लागण्याचा पहिला मोहही येथेच होतो. सीमाभागातील मराठी शाळेच्या सातवीत मराठी जाणणारा गणित-विज्ञानाचा शिक्षक नसेल, अतिथी शिक्षकावरच वर्ष लोटले जात असेल, तर त्या शाळेच्या दारावर सोन्याची अक्षरे लावली तरी तिचा काय उपयोग? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम सांगते. ते कलम १९५६ साली, भाषावार प्रांतरचनेच्या वेळीच घातले गेले, कारण सीमेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्या मुलांची काळजी घटनाकारांच्या वारसांना होती. त्या कलमाची पूर्तता रंगाच्या डब्याने होत नाही, शिक्षकाच्या नेमणुकीने होते.

पैसा शाळेची ओळख कशी पालटू शकतो, याचा धडा चोर्ला घाटाच्या पलीकडे गोमंतकाने घेतलेला आहे. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना गोवा सरकारने कोकणी-मराठी अशा प्रादेशिक भाषांच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचे ठरवले, आणि पाहता पाहता अनेक इंग्रजी शाळा कोकणी झाल्या. २०११ साली दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले; त्यांतील बऱ्याच शाळा पुन्हा इंग्रजी झाल्या. भारतीय भाषा सुरक्षा मंचाने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. इमारत तीच, बाके तीच, गुरुजीही बहुधा तेच. अनुदानाचा ओघ जिकडे वळला तिकडे शाळेची भाषा वळली. शाळेची ओळख खऱ्या अर्थाने बदलायची तर ती खर्चाच्या याच खात्यातून बदलते. पाटीवरचा खर्च डोळ्यांत भरतो, म्हणून त्यावर भांडणे होतात. शिक्षकाची रिकामी जागा कोणाला दिसत नाही, म्हणून तिच्यावर मोर्चे निघत नाहीत.

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच प्रकरणात निर्णय दिला की, माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा आहे. मातृभाषेचीही सक्ती राज्याला करता येणार नाही. याचा अर्थ असा की, मराठी शाळा राहील की जाईल याचा निकाल सरकारइतकाच आपल्या उंबरठ्यावर लागतो. पाटीवर मराठी अक्षरे हवीत म्हणून रस्त्यावर उतरणारे किती जण आपले मूल त्या पाटीखालून आत पाठवतात, हे ज्याने त्याने स्वतःशी मोजावे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

ज्या लोकमान्यांचे नाव टिळकवाडी अभिमानाने मिरवते, त्यांनी १८८० साली चिपळूणकर, नामजोशी यांच्यासह पुण्यात शाळा काढली. तिचे नाव होते न्यू इंग्लिश स्कूल. नाव इंग्रजी, पण आतले तेज स्वदेशी. लोकमान्यांना नावाचे महत्त्व कळत नव्हते असे थोडेच आहे? परंतु शाळा शिक्षकाने उभी राहते हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून ते स्वतः खडू हाती घेऊन फळ्यासमोर उभे राहिले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. शाळेचे नाव, रंग, बोधचिन्ह वा गणवेश बदलण्याचा कोणताही प्रस्ताव आधी त्या शाळेच्या पालक समितीपुढे खर्चाच्या आकड्यासह ठेवला जावा व तिची संमती घेतली जावी. ज्या शाळेत सहावी ते आठवीच्या विषयशिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथे त्या भरल्याशिवाय अशा बदलावर एक पैही पडू नये. मराठी शाळेत नेमला जाणारा शिक्षक मराठीतून शिकवू शकतो याची खात्री करून घ्यावी. आणि समितीवरील पालकांनी उद्घाटनाच्या खुर्च्या मांडणे सोडून सभेच्या खुर्चीत बसावे; हिशेबाची वही मागावी.

कर्नाटक सरकारला मराठी मुले आपली वाटत असतील तर त्याने हे करून दाखवावे. मराठी पुढाऱ्यांना ती आपली वाटत असतील तर त्यांनीही पुढच्या निवेदनात पाटीच्या वर, पहिल्या क्रमांकाला, शिक्षकाची मागणी लिहावी. पाटी ऊन-पावसात विटते आणि सरकार बदलले की उतरते. फळ्यावरचे जे एकदा मुलाच्या डोक्यात उतरले, ते कोणत्याही सरकारला पुसता येत नाही.