आईचं पुढे काय?

जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही कादंबरी २०१२ साली आली. रडायला लावणारं पुस्तक म्हणून मुलं ती एकमेकांच्या हाती देतात. गोष्ट अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची. हेझल सोळा वर्षांची. थायरॉइडचा कॅन्सर फुप्फुसांत पसरलेला, ऑक्सिजनचं सिलिंडर कायम सोबत. ऑगस्टसचा एक पाय हाडाच्या कॅन्सरने गेलेला. कॅन्सरग्रस्त मुलांच्या गटात ओळख, मग प्रेम, ॲमस्टरडॅमची वारी. आणि आधी जातो तो ऑगस्टस.

ही पोरं इतकी चटपटीत बोलतात, की संवाद घरून पाठ करून आलीत की काय असं वाटतं. ॲमस्टरडॅम तर मला लांबलेलंच वाटलं. पण ऑगस्टस गेल्यावर त्याच्या फेसबुकच्या भिंतीवर श्रद्धांजल्यांची रीघ लागते, तेव्हा हेझलचा जो संताप होतो, तो अगदी खरा. महिनोन्‌महिने न फिरकलेली मंडळी आता गहिवरलेली! आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे जोडलेले हात आठवावेत.

मला मात्र ही कादंबरी हेझलच्या आईची वाटते. हेझल चौदा वर्षांची असताना आयसीयूत होती, आता वाचत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. तेव्हा आई बाबांच्या कुशीत रडत म्हणाली होती, की आता मी कुणाची आई उरणार नाही. लेकीने ते ऐकलं. मरणाच्या भीतीपेक्षा तेच तिला छळत राहतं.

ग्रीन यांनी तरुणपणी काही महिने लहान मुलांच्या रुग्णालयात चॅप्लेन म्हणून, म्हणजे रुग्णांना आणि घरच्यांना धीर देणारे धर्मसेवक म्हणून काम केलं होतं. असे आईबाप त्यांनी जवळून पाहिले असणार.

शेवटाकडे जेवणावरून घरात खटका उडतो आणि आईचं गुपित फुटतं. ती चोरून समाजकार्याची पदवी करतेय. अशाच कुटुंबांना पुढे मदत करता यावी म्हणून. आपण लेकीच्या माघारीचा विचार करतोय असं तिला वाटू नये, म्हणून ही लपवाछपवी. आपल्याकडे अशा बाईला ‘पोर अंथरुणावर आणि हिला परीक्षा सुचतायत’ हे ऐकावं लागलं असतं. माघारीचं बोलणं तर अभद्रच.

हेझलला मात्र आनंदाने रडू फुटतं. कॅन्सरग्रस्त मुलांचा तो गट चालवणाऱ्या पॅट्रिकची तिने पुस्तकभर टर उडवलेली असते. आता ती आईला सांगते, तू त्याच्यापेक्षा कितीतरी बरी पॅट्रिक होशील.