निकालाचे माप

दहावीचे निकाल लागले की बेळगावकडील आमच्या घरांतून एक हिशेब हटकून मांडला जातो. कोल्हापूरकडे शंभरातली नव्वदाहून अधिक मुले उत्तीर्ण होतात, मग आमचीच का मागे? आम्हांस हा हिशेब मुळात निराळ्या मापाने केलेला वाटतो.

महाराष्ट्रात २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढील वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील, शाळेने द्यावयाचे वीस-वीस गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० वर उतरला. २०२० साली ते गुण परत आले, निकाल ९५.३० झाला. एवढ्यात मुलांची बुद्धी काही खालीवर झाली नव्हती.

मात्र त्या मधल्या कडक वर्षाने एक गोष्ट उघडी केली. २०१९ मध्ये मुली ८२.८२ टक्के उत्तीर्ण झाल्या, मुले ७२.१८ टक्के. वर्षभरातच हे दहाहून अधिकचे अंतर तीनवर आले. बहुतेक सगळेच उत्तीर्ण होऊ लागले की अंतराला जागा उरत नाही. ते मिटते असे नव्हे.

कर्नाटकाची गोष्ट याहून बोलकी आहे. २०२३ च्या एस्. एस्. एल्. सी. परीक्षेत मुली ८७.८७ टक्के व मुले ८०.०८ टक्के उत्तीर्ण झाली होती. २०२४ साली परीक्षागृहांवर कॅमेऱ्यांची नजर बसली. मुलींचा निकाल ८१.११ वर आला, मुलांचा थेट ६५.९० वर, आणि तोही उत्तीर्णतेची अट ३५ टक्क्यांवरून २५ वर आणून वाढीव गुण दिल्यानंतर! २०२५ मध्ये ती सवलत नव्हती. मुली ७४ टक्क्यांवर थांबल्या, मुले ५८.०७ वर.

मुली अधिक हुशार, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस कारण घरातच दिसते. नापास झालेल्या मुलाला वडिलांचे दुकान असते, शेत असते, निदान दुचाकी तरी असते. मुलीच्या बाबतीत नापास होणे म्हणजे पुष्कळ घरांत शिक्षणाला पूर्णविराम, हे तिला आठवीतच कळलेले असते. ती अभ्यास करते तो या धास्तीपोटी, याचे कौतुक करावे की लाज बाळगावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुलाला मात्र "करेल हो पुढे" म्हणून आपणच सोडून दिलेले असते.

तेव्हा यंदा कोल्हापूरचे टक्के विचारण्याआधी शाळेत जाऊन आपला मुलगा कोणत्या विषयात अडला, गणितात की कन्नडमध्ये, एवढे विचारून यावे. २०२४ साली कर्नाटकात एकाच वर्षात तीन परीक्षा देण्याची सोय झाली. पहिलीत राहिलेल्या मुलाला दुकानाच्या गल्ल्यावर बसवण्याआधी दुसरीचा अर्ज भरता येतो.