डबीवरचं जिनसेंग

दिवाळीत नात पुण्याहून आली तेव्हा माझ्यासाठी एक डबी घेऊन आली. डबी कसली, अत्तराच्या कुपीसारखा थाट. "आजी, कोरियन जिनसेंग आहे. रात्री झोपताना लाव, सुरकुत्या कमी होतात," म्हणाली. मी म्हटलं, "पडायला चौऱ्याहत्तर वर्षं लागली, त्या एका डबीत कशा जातील?" ती हसली आणि डबी ठेवून गेली. आता शिक्षकी पेशाची खोड अशी की छापील अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय चैन पडत नाही. भिंग घेऊन बसले.

डबीवर मुळाचं चित्र आहे. हातपाय फुटलेलं गाजर म्हणा ना! चिनी भाषेत याला रेनशेन म्हणतात, आणि त्यातल्या 'रेन'चा अर्थच माणूस. त्यावरूनच जिनसेंग. शास्त्रीय नाव पॅनॅक्स, ते ग्रीक. सगळ्या दुखण्यांवर इलाज अशा अर्थाचं. म्हणजे नाव ठेवणाऱ्यानेच अर्धी जाहिरात करून ठेवली. हे झाड थंड मुलखातलं, सावलीत वाढणारं. कोरियात चांगलं मूळ हाती यायला चार ते सहा वर्षं थांबतात. आमच्या बार्शीटाकळीच्या उन्हात ते एक चैत्र काढायचं नाही.

आपल्याकडे 'इंडियन जिनसेंग' म्हणून जे विकतात ती अश्वगंधा, म्हणजे आपली ढोरगुंज. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. तिथे एकदा मुलांची सहल नेली होती. मी मोठ्या कौतुकाने अश्वगंधा दाखवली तर एक पोरगा म्हणाला, "बाई, हे तं आमच्या धुऱ्यावर हाये. ढोरंबी खात नाहीत." खरं तर तिचं आणि जिनसेंगचं कुळ वेगळं, गोत्र वेगळं. अश्वगंधा वांगी-मिरचीच्या घरातली. अमेरिकेने २००२ साली कायदाच केला की पॅनॅक्स वंशाच्या झाडालाच जिनसेंग म्हणायचं, दुसऱ्या कोणाला ते नाव लावून विकायचं नाही. अमेरिकेचं मला फारसं कौतुक नाही, पण जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला हा कायदा पटण्यासारखा आहे.

असो. डबीकडे येते.

डबीवरची यादी वाचायची एक रीत असते, ती मला नातीनेच सांगितली. जे सर्वांत जास्त ते आधी, मग उतरत्या क्रमाने. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्या वस्तू शेवटी, त्या कशाही क्रमाने लिहिल्या तरी चालतात. माझ्या डबीत पहिलं पाणी, मग ग्लिसरीन, मग तेलं आणि मेणासारखे पदार्थ. पुढे फिनॉक्सीइथेनॉल म्हणून एक आहे. क्रीम खराब होऊ नये म्हणून ते घालतात आणि एक टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत. जिनसेंगच्या मुळाचा अर्क त्याच्याही दोन नावं खाली! म्हणजे आपण भाजीत मीठ घालतो त्यापेक्षाही बहुधा कमीच. चित्र मात्र पूर्ण झाकणभर.

म्हणून ही शुद्ध फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. कोरियातली अमोरेपॅसिफिक ही कंपनी १९६६ पासून जिनसेंगची क्रीमं काढते आहे आणि त्या मुळावर तिकडे अभ्यासही पुष्कळ झाला आहे. २००९ साली छापून आलेला एक प्रयोग नातीने मला वाचून दाखवला. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना चोवीस आठवडे लाल जिनसेंगचा अर्क दिला, सोबत आणखी दोन वनस्पती होत्या. काहींना नुसतंच औषधासारखं दिसणारं काहीतरी दिलं. अर्क घेतलेल्यांच्या सुरकुत्या कमी झाल्या. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, अर्क पोटात दिला होता, तोंडाला लावला नव्हता. दुसरी, त्वचेचा ओलावा आणि रंग यांत काहीही फरक पडला नाही. रंगाचं वाक्य मी तिला पुन्हा वाचायला लावलं. का, ते पुढे सांगते.

डबी मी लावते. गंमत वाटेल, पण आवडते मला. हिवाळ्यात हाताची सालं निघायची ती थांबली. याचं श्रेय मी ग्लिसरीनला देते, आणि ग्लिसरीन औषधाच्या दुकानात किती स्वस्त मिळतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सुरकुत्यांचं म्हणाल तर त्या आमच्याकडे वयापेक्षा उन्हाने लवकर पडतात. मे महिन्यात अकोल्याला स्कूटीवरच्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड दुपट्ट्याने बांधतात, तो दुपट्टा कोणत्याही जिनसेंगपेक्षा जास्त काम करतो. हे सगळं मी शेजारी कोणी आलं की हौसेने सांगत बसते. आठ-दहा जणींनी तरी आतापर्यंत ती डबी हातात घेऊन पाहिली असेल. सुरकुत्यांबद्दल एकीनेही विचारलं नाही. प्रश्न एकच: "बाई, यानं रंग उजयते काय?"

नाही उजळत. आणि जी क्रीमं महिनाभरात उजळवतात त्यांची मला भीती वाटते.

२०२३ च्या सुरुवातीला आपल्या अकोल्याची बातमी मुंबईच्या इंग्रजी पेपरात आली होती, आठवते का? एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली. तिघींच्या किडन्या एकापाठोपाठ बिघडल्या. तिघींनाही एकाच वेळी असं व्हावं, याचं डॉक्टरांना कोडं पडलं. शोध घेता घेता गाडी एका क्रीमवर येऊन थांबली. ब्युटी पार्लरवालीकडून घेतलेलं, चेहरा उजळवणारं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्यात पारा निघाला. पारा चढला म्हटलं की आम्हा वऱ्हाडच्या लोकांना उन्हाळा आठवतो. हा पारा वेगळा. त्वचेला रंग देणारं द्रव्य शरीरात तयार होतं, त्याचं काम तो बंद पाडतो, म्हणून माणूस गोरा दिसायला लागतो. पण तो त्वचेवर थांबत नाही, आत शिरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. आपल्या २०२० च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदीच आहे. चुकून आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्याहून जास्त नाही.

जिनसेंगचं सांगता सांगता मी पाऱ्यावर का आले? कारण दोन्ही डब्या एकाच फळीवर असतात. कोरियाचं नाव सध्या चालतं, म्हणून कोणीही उठतो आणि डबीवर मुळाचं चित्र छापतो. पूर्वी केशर-चंदन छापायचे. नावं बदलायला काय लागतं? १९७५ साली निघालेल्या 'फेअर अँड लव्हली'चं २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झालं. मागणारं गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं, आणि ते गिऱ्हाईक आपणच तयार केलं. 'आपण' म्हणताना मी स्वतःला वगळत नाही.

मी सावळी. १९७३ साली मला बघायला आले तेव्हा मधल्या गृहस्थाने सांगितलेलं वाक्य मी दाराआडून ऐकलं होतं: "रंगानं डावी आहे, पण नाकीडोळी नीटस, आणि पगार आहे." रंगाची तूट पगाराने भरून निघाली म्हणायची! त्या वाक्याचा मला आयुष्यभर राग आहे. आणि तरीही पुढे शाळेत पाहुणे यायचे असले की स्वागतगीताला पुढच्या रांगेत कोण उभं राहील हे मी ठरवायची, तेव्हा उजळ मुली पुढे आणि बाकीच्या मागे. कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. हात आपोआप तसे चालायचे. एका वर्षी सगळ्यांत सुरेल गळ्याची मुलगी मी तिसऱ्या रांगेत उभी केली होती. ती आता दोन लेकरांची आई आहे. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करते, आणि मला तिच्याकडे नीट पाहवत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी तिची डबी मला दाखवायला घेऊन आली. माझी पाहिली होती ना, म्हणून. "बाई, पाहा, मीबी जिनसेंगच लावतो." भिंग घेतलं. चकचकीत कागद, मुळाचं चित्र, खाली सोनेरी अक्षरं. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, परदेशी म्हणावी तर आयात नोंदणीचा क्रमांक नाही. घटकांची यादीच नाही! विचारलं तर कळलं, एक बाई घरोघरी फिरून विकते, बिल देत नाही. मुलगी खरंच दोन महिन्यांत चार छटा उजळली आहे. मी अकोल्याची गोष्ट सांगितली. पाय सुजतात का, लघवीला फेस येतो का, विचारलं. डॉक्टरकडे लघवी तपासून घे आणि ही डबीही सोबत घेऊन जा, म्हटलं.

तिने ऐकून घेतलं. डबी माझ्या हातातून हळूच काढून पर्समध्ये टाकली. "लगन झालं की बंदच करतो नं, बाई," म्हणाली. "माह्या मायले मात्र नका सांगजा."

लग्न वैशाखात आहे. मी काल तिच्या आईकडे जाऊन आले.